‘किरकोळ काम हाये’

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायची म्हणतेस त्या जुन्या मोटारसायकलचे पाचही फोटो पाहिले. गाडी धुऊन, टायरला काळं पॉलिश मारून, उन्हात उभी करून काढलेले. त्यावरून मला एवढंच कळलं, की विकणाऱ्याच्या घरी पाण्याची टंचाई नाही. मोबाइलवर लांबलचक टाइप करणं मला जमत नाही, म्हणून वहीत लिहितोय. नातू पानांचे फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

आधी स्कूटीचा विषय संपवू. डाकसेवक म्हणून लागलीस, रोज तीन गावं करायची, त्यातल्या दोन गावांचा शेवटचा तुकडा पांदणीचा, म्हणजे शेतातल्या मातीच्या वाटेचा. घरचे म्हणणार, पोरीच्या जातीला स्कूटीच बरी. त्यांना मृगाच्या पहिल्या पावसानंतर त्या पांदणीनं एकदा स्कूटीवर पाठव. स्कूटीचं चाक दहा-बारा इंची, बैलबंडीच्या चाकोरीत पडलं की वर यायला तयार नसतं. शंभर सीसीच्या मोटारसायकलचं चाक अठरा इंची, ते निघतं. काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरून चाक जाम होणं दोन्हीच्या नशिबी आहे, पण मोटारसायकलचा चिखल धुऱ्यावरची एक तुराटी घेऊन खरवडता येतो. फक्त तुझं लायसन्स बिनगिअरचं आहे. त्यावर गिअरची गाडी चालवलीस तर कायद्याच्या लेखी तू विनापरवाना. आधी गिअरची परीक्षा दे. गाडी चार दिवस मागून आली तरी चालते.

आता विकणाऱ्याचा निरोप. ‘किरकोळ काम हाये, बाकी गाडी टकाटक.’ एकतीस वर्षं गॅरेजात काढली, हे वाक्य रोज कानावर पडायचं. ऐकलं की मी एकच विचारायचो, किरकोळ होतं तर तूच का नाही करून घेतलं बाबा? याची दोन उत्तरं असतात. एक, हात तंगीत आहे, बी-बियाण्याला पैसा पाहिजे. हे खरं असू शकतं, त्यात त्याची काही चूक नाही. दुसरं, मिस्त्रीनं खोललं तर आत काय निघेल ते त्याला ठाऊक आहे.

म्हणून किरकोळ काय ते आपण ठरवायचं. माझा हिशोब असा, की जी वस्तू झिजण्यासाठीच बनवली आहे ती झिजली तर किरकोळ. चेन, ब्रेक शू, टायर, क्लचची केबल, प्लग, बॅटरी. २०१४ ची गाडी आहे, हे सगळं झिजलेलं असणारच. नसेल तर उलट विचार कर, की अचानक एवढा खर्च यानं विकताना का केला.

चेन कशी बघायची ते नीट लक्षात ठेव. मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावर चेन बसते ना, तिथं अगदी मागच्या टोकाला बोटानं चेन धरायची आणि मागं ओढायची. चेन दातावरून उचलली जाऊन अर्धा दात उघडा पडला, तर ती संपली. मग दात बघ. नव्याचे दात सरळ उभे असतात, संपलेल्याचे एका बाजूला वळून वाघनखासारखे होतात. अशा वेळी फक्त चेन बदलून चालत नाही, पुढचं-मागचं चक्र मिळून पूर्ण सेटच टाकावा लागतो, नाहीतर जुने दात नवी चेन खातात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. समजा २३१८ असेल, तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी एवढं जुनं रबर कडक होतं, डांबरावर पाऊस पडला की घसरतं. पॉलिशचं काम हेच झाकायचं.

सेल्फ चालत नाही म्हणतो. बहुतेक वेळा बॅटरी गेलेली असते, कधी रिले, कधी सेल्फच्या मोटरचे कार्बन. किकवर गाडी चालू होते ना, मग घाबरू नको. मात्र त्या नावाखाली हजार रुपये तरी खाली पाड.

मीटरवर जाऊ नको. त्यात एकतीस हजार किलोमीटर दिसतं म्हणतेस. केबल काढून ठेवली की मीटर जागेवर थांबतं, आणि थांबलेलं मागंही फिरवता येतं. बैलाचे दात बघून वय कळतं, तसे गाडीचे दात म्हणजे रबरं. गिअरच्या लिव्हरचं रबर, पायदानाचं रबर, मुठी. गिअरचं रबर अंगठ्याच्या जागी पार गुळगुळीत होऊन आतलं लोखंड दिसत असेल, आणि मीटर तीस हजार सांगत असेल, तर दोघांतलं एक खोटं बोलतंय. रबराला खोटं बोलता येत नाही. नवं कोरं रबर असेल तर ब्रेकच्या पेडलची झीज बघ, ते सहसा कोणी बदलत नाही.

आणि गाडीनं काय वाहिलं ते शोध. आपल्याकडची गाडी माणसापेक्षा सामान जास्त ओढते. दुधाच्या कॅनी वाहिल्या असतील तर मागं कॅरिअरच्या वेल्डिंगच्या खुणा राहतात, शॉकअप बसलेले असतात, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश गेलेले असतात. डबल स्टँडवर लावून मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलव, कटकट आवाज आला की समज. खताच्या पिशव्या वाहिल्या असतील तर सीट काढायला लाव. युरिया, डीएपी सांडून ओलाव्यानं लोखंड खातं, सीटखालच्या पत्र्यावर आणि चेसिसच्या जोडावर पोपडे सुटलेले दिसतात. वरचा गंज कागदानं घासून निघतो. चेसिसच्या जोडावर टोकदार वस्तू टोचून पापुद्रा उडाला, तर ती गाडी कितीही स्वस्त असो, तिथूनच परत फिर.

आता इंजिन. इथं मी स्वतः कसा फसलो ते सांगतो, कारण मिस्त्री असून फसलेला माणूस तुला दुसरा भेटणार नाही.

२००४ च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी दारव्ह्याकडच्या एका गावात गाडी बघायला गेलो. सकाळचे अकरा. गाडी दारात, एक किक, चालू. आवाज गोड, धूर नाही. मी सायलेन्सरजवळ हात नेला तर गरम. म्हटलं, ‘आताच कुठून आली?’ तो म्हणाला, ‘पोट्टा बैलाचे झूल-गोंडे घ्याले गेला होता.’ मला पटलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी कोणाला नाही पटणार? पैसे मोजले, गाडी घरी आणली. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी पोरं लाकडी बैल घेऊन अंगणात आली आणि मी किक मारली. अख्खं अंगण निळ्या धुरानं भरलं. पोरं टाळ्या पिटत होती, त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी काही गंमत केली.

झालं असं होतं, की पिस्टनच्या रिंगा आणि वॉल्व्हचे सील दोन्ही गेले होते. वर त्यानं ट्रॅक्टरला घालतात तसलं जाड ऑइल भरलेलं, म्हणजे गरम असताना धूर दबून राहील. बोअर-पिस्टनचं, म्हणजे इंजिन पूर्ण खोलायचं काम निघालं. मजुरी माझी मलाच, तरी सामानाला आणि बोरिंगला जे गेलं त्यात भाव करून वाचवलेले सगळे पैसे गेले, वर थोडे.

तेव्हापासून माझा नियम आहे, गाडी पहाटे बघायची आणि चालू करायच्या आधी इंजिनच्या ब्लॉकवर तळहात ठेवायचा. लोखंड रात्रीसारखं थंडगार लागलं पाहिजे. कोमट लागलं तर काही बोलू नको, ‘उद्या येते’ म्हण. थंड असेल तर चावी न लावता किक हातानं दाबून बघ, मध्येच चांगला अडथळा लागला पाहिजे. सहज खाली गेली तर कॉम्प्रेशन नाही, म्हणजे इंजिन दाब धरत नाही. मग ऑइलची काडी काढ. काळं ऑइल चालेल. दुधाळ, ताकासारखं असेल तर इंजिनात पाणी गेलंय, कुठल्यातरी पुराच्या नाल्यातून गाडी निघालेली आहे. काडी पुसलेल्या फडक्यावर चकाकणारी कणी दिसली तर आतलं लोखंड झिजतंय.

मग चालू करायची. थंडीच्या दिवसांत पहिल्या मिनिटाला पांढरी वाफ येते, ती वाफच असते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर साफ केला, एअर फिल्टर बदलला की भागतं. आपल्या धुळीत फिल्टर गच्च होतोच. निळा धूर मात्र ऑइल जळल्याचा. तो फक्त चालू करताना थोडा येऊन थांबला तर वॉल्व्हचे सील, सोसण्यासारखं. अॅक्सिलरेटर दिला की प्रत्येक वेळी येत राहिला तर बोअर-पिस्टन, मग त्या कामाचे पाच-सात हजार धरूनच बोल. टॅपेटची टिकटिक किरकोळ. टायमिंग चेनची खडखड तेवढी किरकोळ नाही, पण जीव जाण्यासारखीही नाही.

आता कागद. खरं तर हे पहिल्यांदा लिहायला पाहिजे होतं. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं.

यातही मी एकदा सापडलो, या वेळी विकणारा म्हणून. माझी जुनी गाडी कळंबकडच्या एकाला विकली. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, तो म्हणाला पुढच्या आठवड्यात नावावर करतो. मीही विसरलो. दोनेक वर्षांनी वर्धा जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला, तुमच्या गाडीवर दारूच्या पेट्या सापडल्या. वर्धा दारूबंदीचा जिल्हा, आपल्याकडून नदी ओलांडली की माल दामदुपटीनं जातो. गाडी तोपर्यंत तिसऱ्याच्या हातात, आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव माझं. चार हेलपाटे घातले तेव्हा सुटलो.

तू म्हणशील, हा तर विकणाऱ्याचा ताप. पण तुझा ताप असा, की नाव बदललं नाही तोवर कायद्यानं गाडी तुझी नाहीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं, गाडी किती हातांतून गेली तरी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. विमाही तुझ्या नावावर करून घे, त्यासाठी १४ दिवस असतात. नोटरीचा स्टॅम्पपेपर करून देतो म्हणाला तर घे, पण तो नाव बदलल्याचा कागद नव्हे.

आरसीवर नाव नेमकं कोणाचं, ते आधी बघ. मला शंका आहे की हा पहिला मालक नाही, कारण तुला त्यानं आरसीचा फोटो पाठवलेला नाही. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याचा फॉर्म ३१ वेगळा. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो तसा आरसीवर फायनान्सचा बोजा असतो. हप्ते फिटले असं तोंडी सांगतील, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय तो उतरत नाही. मोबाइलवर एमपरिवहन अॅपमध्ये नंबर टाकलास की फायनान्स, विमा, पीयूसी दिसतं. थकलेले ई-चलान वेगळे बघ, ते त्याच्याकडून भरून घे. चेसिसचा नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घास, आकडे उमटतील, ते आरसीशी जुळव. आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा आकडे वाकडेतिकडे दिसले तर चहासुद्धा घेऊ नको.

पांढरकवड्याकडून तेलंगणा पासिंगच्या गाड्या येतात, त्या स्वस्त असतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, लागते आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो. तुझी एमएच-२९, म्हणजे आपल्या यवतमाळचीच आहे, हे चांगलं. २०१४ ची म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये संपतात. मग आरटीओत दाखवून पुढची पाच वर्षं वाढवून घ्यायची. नवी सुरक्षा नंबरप्लेट लावलेली नसेल तर तीही त्याच्याकडूनच लावून घे, १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना ती लागतेच.

भावाचं सांगतो. तो अठ्ठावीस हजार म्हणतो. चेनसेट, बॅटरी, मागचा टायर, ब्रेक शू, ऑइल, मजुरी, सगळं धरून पाच हजार तरी होतात. ते त्याच्यासमोर कागदावर एकाखाली एक लिही, बेरीज कर आणि कागद त्याच्या हातात दे. ‘थोडं कमी करा ना काका’ म्हणालीस तर पाचशे कमी होतील, कागद दिलास तर चार हजार. शिवाय हा मे महिना आहे, पैशाची गरज त्याला आहे. हीच गाडी दिवाळीनंतर, कापूस घरात आल्यावर बघायला गेली असतीस तर तो एक रुपया सोडायला तयार झाला नसता. म्हणून काही फार पिळू नको. बियाण्याला पैसे पाहिजेत हे खरं असेल तर बावीस-तेवीसला सोडव, आणि दोन हजार नाव बदलेपर्यंत हातात ठेव.

रविवारी पहाटे साडेपाचला मी फाट्यावर येतो, तूही पोहोच. आपण येतोय हे त्याला आधी कळवू नको.

तुझा,
काका

ता. क. – येताना टॉर्च आण, पेट्रोलच्या टाकीत गंज बघायचा आहे. घरात जुना बिघडलेला स्पीकर असेल तर त्यातलं लोहचुंबकही काढून आण. टाकीवर फडकं ठेवून ते फिरवू, जिथं चिकटणार नाही तिथं रंगाखाली पुट्टी आहे.