नसीम हिजाझी: आधी कुठली वाचू?

प्रश्न: सर, आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यांच्या पेटीत नसीम हिजाझींच्या कादंबऱ्या सापडल्या. हे कोण? आधी कुठली वाचू? – एक वाचक, परभणी

उत्तर: अहो, खजिनाच लागला की हाताला! खरं नाव शरीफ हुसैन, गुरदासपूर जिल्ह्यातले, पेशानं पत्रकार, १९९६ला पाकिस्तानात वारले. ‘खाक और खून’ फाळणीवरची, ‘आखरी चट्टान’मध्ये मंगोल स्वारी, पण तुम्ही आधी टिपूवरची ‘और तलवार टूट गई’ घ्या, कारण टिपूविरुद्ध निजाम अन् मराठे दोघंबी इंग्रजांसोबत गेलते, म्हणून आपल्याकडच्या वाचकाला ती जरा टोचतेच. स्टोरी लई पळते. फक्त हिरो फारच धुतल्या तांदळाचे, तेव्हा इतिहास म्हणून नका वाचू.