सुएझ कालवा असताना पत्र सॅन फ्रान्सिस्कोमार्गे का गेले?

1878 साली ऑकलंडहून लंडनला गेलेल्या आपल्या पाकिटावर ‘सॅन फ्रान्सिस्कोमार्गे’ असे का लिहिलेले आहे, आणि 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावरही टपाल अमेरिकेवरून का जात होते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर अंतरापेक्षा बंदरांच्या क्रमात अधिक आहे.

सुएझमार्गाचे टपाल पश्चिम ऑस्ट्रेलियातील अल्बनीवरून मेलबर्नला येई, त्यामुळे मेलबर्न जिची राजधानी, त्या व्हिक्टोरिया वसाहतीला इंग्लंडची पत्रे आधी मिळत आणि उत्तर लिहायलाही तिथल्या व्यापाऱ्याला अधिक दिवस मिळत. न्यूझीलंडला मात्र पुढच्या बोटीची वाट पाहावी लागे. म्हणूनच व्हिक्टोरियाने सुएझची बाजू धरली, तर न्यू साउथ वेल्स (सिडनीची वसाहत) आणि न्यूझीलंड यांनी प्रशांत महासागराकडे पाहिले. त्यांचा पहिला प्रयत्न 1866 चा, वेलिंग्टनहून पनामाचा होता. पनामाची संयोगभूमी, म्हणजे दोन महासागरांमधली अरुंद जमीन, रेल्वेने ओलांडून टपाल पुढे अटलांटिकच्या बोटीवर चढे. पण खर्च न पेलल्याने ही सेवा चालवणारी बोट कंपनी 1869 मध्येच बुडाली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेचा पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोचा पर्याय खुला झाला. न्यूझीलंडचे राजकारणी ज्युलियस व्होगेल यांनी या मार्गाचा नेटाने पाठपुरावा केला. पुढे ऑकलंड हे या मार्गावरचे न्यूझीलंडचे पहिले बंदर ठरले. त्याबद्दल दक्षिणेकडील ड्युनेडिनची नाराजी मला अगदी रास्त वाटते, कारण टपालबोटींसाठी द्याव्या लागणाऱ्या सरकारी अनुदानाचा भार साऱ्या वसाहतीवर होता.

कालव्याबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यावी: तो खुला झाल्यावरही कित्येक वर्षे तातडीचे टपाल इजिप्तमध्ये उतरवून अलेक्झांड्रिया आणि सुएझ यांच्या दरम्यान रेल्वेनेच नेले जाई, आणि युरोपात ते इटलीतील ब्रिंडिसी बंदरावरून पुन्हा रेल्वेने इंग्लंडकडे जाई. जास्त दर देऊन ब्रिंडिसी, की कमी दरात समुद्रमार्गे साउदॅम्प्टन, ही निवड पत्र पाठवणाऱ्याची असे. त्या काळच्या मुंबईहून गेलेल्या पाकिटांवरही ब्रिंडिसीचा निर्देश आढळतो.

आपल्या पाकिटावरचा मजकूर पाठवणाऱ्याचा निर्देश आहे. टपाल प्रत्यक्ष त्याच मार्गाने गेले, याचा तो पुरावा नव्हे. त्यासाठी लंडनच्या शिक्क्याची तारीख पाहावी आणि ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळावरील ऑकलंडच्या वृत्तपत्रांत छापलेल्या टपालबोटींच्या सुटण्याच्या तारखांशी ती ताडून पाहावी. पाकिटाच्या मागील बाजूचे छायाचित्र दिल्यास शिक्के वाचायला मी मदत करीन.