जुलैमध्ये थायलंडला जायचं तर फुकेत की को समुई बेट?
डोळे झाकून समुई घ्या. फुकेत, क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला येतात आणि तिथे मे ते ऑक्टोबर आपलाच नैर्ऋत्य मान्सून असतो, म्हणजे पासपोर्टवर शिक्का मारून बघायचा काय तर रत्नागिरीचा पाऊस! मी जुलैतच गेलेलो, फुकेतच्या कारोन बीचवर ओळीने लाल झेंडे, पाण्यात घोटा बुडला की लाइफगार्डची शिट्टी, शेवटी सेव्हन-इलेव्हनमधले चीज टोस्ट खात लाटा मोजल्या (झेंडा मात्र सिरीयसली घ्या, तिथे खरंच माणसं बुडतात). समुई दुसऱ्या बाजूला, थायलंडच्या आखातात आहे, जुलैत सर पडते आणि जाते. फक्त नोव्हेंबरचं बुकिंग असेल तर हे सगळं उलटं वाचा, तेव्हा समुईला धो धो असतो.