रॅलीचं नंतर बघू, आधी पानठेल्यावर कोण जातंय ते बघ

तुझा मेसेज सकाळीच वाचला. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, गावातून व्यसनमुक्तीची रॅली, शाळेत पोस्टर स्पर्धा, शेवटी सामूहिक शपथ, आणि सर तुम्ही प्रमुख पाहुणे म्हणून याल का. येईन गं, वर्ध्याहून किती लांब आहे. पण खरं सांगू का, रॅलीचा मला कंटाळा आलाय. सडलेल्या फुफ्फुसाचे फोटो धरून पोरं घोषणा देत चौकातून जातात, चौकातल्या पानठेल्यावर त्यांचेच बाप-काका तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, धरून कौतुकाने बघत असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एखाद्याच्या हातात पैसे देऊन त्याच ठेल्यावर पिटाळतात. पोरगं बिचारं शपथ घेऊन आलेलं असतं.

घाबरवून पोरं थांबत नाहीत हे आता जगभर माहीत झालंय. अमेरिकेत १९८३ ला लॉस एंजेलिसमधे 'डेअर' नावाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, पोलीसवाले वर्गात जाऊन ड्रग्जचे धोके सांगायचे, देशभर गाजला, टीशर्ट-बिल्ले सगळं झालं, आणि नंतर अभ्यास करणाऱ्यांनी तपासलं तर ज्या मुलांनी तो कोर्स केला आणि ज्यांनी नाही केला त्यांच्यात सांगण्यासारखा फरकच नव्हता. आपल्याकडे तर तेवढाही खर्च नको, एक पीपीटी आणि एक पाहुणा पुरतो.

म्हणून माझं ऐकशील तर पहिले आठ दिवस काहीच करू नको. संध्याकाळी सहा ते आठ तुमच्या मेन पानठेल्यासमोर कुठेतरी बस, किराणा दुकानाच्या ओट्यावर वगैरे, आणि फक्त बघ. वही काढू नको, लोक लगेच सावध होतात. बारा-तेरा वर्षांचं पोट्टं येतं, काही बोलायचीही गरज नसते, ठेलेवाल्याला माहीतच असतं कुणाच्या घरचं आहे आणि काय लागतं. तो सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटतो, तोपर्यंत पोट्टं तिथेच उभं, सगळी रेसिपी डोळ्यांसमोर. उरलेल्या सुट्ट्याची गोड सुपारीची पुडी ते स्वतःसाठी घेतं, तो त्याचा कमिशन. घरी जाताना पन्नीतला चिमूटभर तोंडात टाकून बघणं यात मग अवघड काय आहे सांग. २०१९ च्या शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयातले साडेआठ टक्के तंबाखू घेणारे निघाले, आणि ज्यांनी बिनधुराची तंबाखू कधीतरी घेतली होती त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाआधीच चाखली होती. दहाव्या! त्या वयात वाईट संगत कुठून येणार, तेव्हा तर घर हीच संगत असते.

त्यामुळे गावाकडे एकच गोष्ट माग. लहान पोराला खर्रा, तंबाखू, बिडी, दारू आणायला कोणीही पाठवायचं नाही. बस. तुम्ही सोडा असं म्हणू नको, चाळीस वर्षं खाणाऱ्या माणसाला तू सांगून तो सोडणार नाही, वर तुलाच ऐकवेल की काल आली अन् शिकवते मोठी. पण "बाबूजी, तुमचं तुम्ही घेऊन या, नातवाला नका पाठवू" याला नाही म्हणताना माणूस जरा अडखळतो. आणि हे पाळलं की मोडलं ते सगळ्यांना दिसतं. बायका तर लगेच उचलून धरतात, बचत गटाच्या मीटिंगमधे विषय काढ आणि मग गंमत बघ.

आता कायद्याचं. सिगारेट व तंबाखू उत्पादन कायदा २००३ चा, १८ खालच्याला विकायचं नाही आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डात, म्हणजे साधारण ९१ मीटरमधे, दुकान नको. दंड २०० रुपयांपर्यंत, म्हणजे ठेलेवाल्याला काहीच नाही. पण बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७७ त्याला माहीतच नसतं, मुलाला दारू किंवा तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेलेवाल्याला निवांत दाखव, चहा पीत पीत. पोलिसांना घेऊन जाऊ नको पहिल्यांदा. त्याची पोरगी तुमच्याच शाळेत सातवीत असेल, उद्या ती वर्गात बसायचीये. बहुतेक ठेलेवाले ऐकतात, कारण पोरांच्या वीस रुपयांवर त्यांचा धंदा चालत नाही, मोठ्यांच्या रोजच्या उधारीवर चालतो. जो नाहीच ऐकत त्याच्यासाठी ग्रामपंचायतीची नोटीस आहे, आणि मग ठाणं.

नुसत्या बंदीवर मात्र विसंबू नको हे मी वर्ध्यात बसून सांगतोय, इथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि दारू कुठे मिळते ते रिक्षावाल्याला विचार. तुमच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. गुटखा २०१२ पासून बंद आहे आणि पुड्या नालीत दिसतातच. गडचिरोलीत १९९३ ची दारूबंदी टिकली त्यात लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, गावागावातल्या रेट्याचा मोठा वाटा आहे, आणि तरीही चोरून विक्री होतेच म्हणून २०१६ ला डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने मुक्तिपथ सुरू करावं लागलं, गावाची संघटना, तालुक्याला उपचाराची सोय, शाळेतलं काम, सगळं एकत्र. ते काम एकदा जाऊन बघच, पुस्तकात वाचून कळत नाही.

शाळेत जाशील तेव्हा ते फुफ्फुसाचे फोटो घरी ठेव आणि तीन बोटांची तपासणी कर. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायची, निरोगी तोंडात सहसा जातात. सगळा वर्ग हसत हसत करतो, मास्तरही करतात, आणि मागच्या बाकावरचा एखादा दोन बोटांवर अडकतो. तोही हसतो पण हात पटकन खाली घेतो. त्याला तिथे काही बोलायचं नाही, नाव लिहायचं नाही. नंतर त्याच्या आईशी बोल. मला एका आईने सांगितलं होतं की पोरगा हल्ली भाजी खातच नाही, तिखट लागते म्हणतो, वरण-भातच मागतो, तिला वाटायचं लाडावलाय. खर्रा-सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, आधी तिखट झोंबतं आणि मग तोंड उघडणं कमी होतं. हे नुसत्या सुपारीनेही होतं, तंबाखू नसली तरी, म्हणून ती गोड सुपारीची पुडी 'साधी' समजू नको. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड, पण सुपारी लवकर बंद केली तर पुढचं वाचतं, आणि कॅन्सरचा धोका त्याच वाटेवर आहे. असा पोरगा दिसला की दातांच्या डॉक्टरकडे पाठवायचंच, मग तो कितीही म्हणो मी खातच नाही.

आणि हो, मास्तरांच्या खिशातली पन्नी. हा विषय नाजूक आहे, मुख्याध्यापकांशी एकट्याने बोल. तंबाखूमुक्त शाळेचा फलक भिंतीवर आणि मधल्या सुट्टीत सर गेटबाहेर थुंकतायत, हे पोरांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं.

आईवडिलांची मीटिंग घेशील तेव्हा "मुलांवर लक्ष ठेवा" एवढंच बोलून थांबू नको, लक्ष म्हणजे काय ते त्यांना कळत नाही, ते मग पोराचं दप्तर उलटं करतात नाहीतर मोबाइल हिसकावतात. साधं विचार, तुमचा पोरगा ज्या तिघांसोबत फिरतो त्यांची नावं सांगा. त्यांच्या आईचा नंबर आहे का तुमच्याकडे? काल रात्री तो किती वाजता आला आणि तेव्हा घरात जागं कोण होतं? एक जेवण तरी सोबत होतं का, टीव्ही बंद करून? पुष्कळ बाप गप्प होतात. त्यांना बोलायला लावायचं, चिडवायचं नाही, दिवसभर वावरात राबून आलेला माणूस आहे तो.

सगळ्यात जास्त काळजी मला दहावी-बारावीनंतर शाळा सुटलेल्या पोरांची वाटते, आणि आपले सगळे कार्यक्रम नेमके शाळेत होतात. ही पोरं लग्नात वाढपी म्हणून जातात, डेकोरेशनवाल्याकडे, डीजेच्या गाडीवर, रात्री दोनला काम संपतं, हातात रोख पैसे आणि सोबत मोठी माणसं, आणि जेवणाआधी बाटली निघते. पहिला घोट बहुतेकदा मालकच पाजतो, कौतुकाने. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं हे त्या मंडपात कुणाला सांगणार! डेकोरेशनवाले तुमच्या भागात चार-पाचच असतील, त्यांना एकत्र बसव. पोरांचा पगार घरी कळवायचा, रात्री काम संपलं की सोडायला गाडी द्यायची, एवढं दोघांनी जरी मान्य केलं तरी खूप झालं.

शहराकडची ड्रग्ज, एमडी (मेफेड्रोन) वगैरे, त्यावर तू बरंच लिहिलंयस. तुमच्या गावात सध्या तो प्रश्न छोटा आहे, व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, पण एखाददुसराच, विक्री २०१९ पासून बंद आहे तरी ऑनलाइन येतो. पण पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर याकडे नीट बघ. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत हुंगायची नशा हा एकच प्रकार असा होता की ज्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं, १.१७ टक्के विरुद्ध ०.५८. कारण ते स्वस्त आहे आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. रुमालाला केमिकलचा वास, नाकातोंडाभोवती पुरळ, हे दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही, त्यात अचानक हृदय बंद पडून जीव जाऊ शकतो.

पकडला गेलेला पोरगा घेऊन एखादा बाप रात्री तुझ्याकडे येईल, येणारच. त्याला सांग आज मारायचं नाही आणि आज शपथही घ्यायला लावायची नाही. पोरगा शुद्धीत आणि ठीक असेल तर झोपू द्यायचं, नसेल तर सरळ दवाखाना. सकाळी बसून विचारायचं काय घेतलंस, कधीपासून, कुणासोबत, आणि उत्तर ऐकताना मधे बोलायचं नाही. हेच सगळ्यात अवघड आहे. घरातून हाकलतो म्हणणारे बाप असतात, त्यांना आवर, हाकललेला पोरगा ज्या घरात जाऊन झोपेल तिथेच माल असतो. जिल्हा रुग्णालयात समुपदेशक असतो, किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं. नशामुक्तीचा सरकारी नंबर १४४४६, मन फार बिघडलं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. आधी स्वतः फोन लावून बघ, उचलतात का, काय बोलतात, मगच लोकांना दे.

एक उदाहरण मला फार आवडतं, आइसलँडचं. तिथे १९९८ मधे १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन टुन्न झालेली असायची, २०१६ ला ते ५ टक्क्यांवर आलं. त्यांनी दरवर्षी मुलांनाच विचारून आपापल्या शाळेचे आकडे गावासमोर ठेवले, खेळ-संगीताच्या क्लासला सरकारने पैसे दिले, रात्री पोरांनी किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं ते ठरवून दिलं आणि आईबाप मिळून गस्त घालायला लागले. श्रीमंत देश आहे, आपलं तसं होणार नाही म्हणशील. पण संध्याकाळी सहा ते नऊ पोरं कुठे असतात हा प्रश्न त्यांचा आणि आपला एकच आहे, तुमच्या शाळेचं ग्राउंड त्या वेळी कुलूपबंद असतं आणि ठेल्यावर मात्र लख्ख लाइट असतो.

म्हणून रॅलीच्या बॅनर आणि टोप्यांसाठी जी वर्गणी गोळा केलीयस ती त्यात घालवू नको. त्यातून दोन एलईडी फोकस घे आणि व्हॉलीबॉलची नेट, ग्राउंडची चावी शाळा व्यवस्थापन समितीकडून लेखी घे, विजेचं बिल पंचायत भरेल का ते सरपंचांना आत्ताच विचार. पोरांना पाठवायचं नाही हा ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आणायचा, तोपर्यंत बचत गटातल्या निम्म्या बायका तरी तुझ्या बाजूने पक्क्या हव्यात. २६ जूनला मी येतोच, पण स्टेजवर बसवू नको, संध्याकाळी ठेलेवाल्याकडे दोघं मिळून जाऊ. चहा माझ्याकडून.