पंखा आणि हवेची वाट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

औद्योगिक पंखे, ब्लोअर आणि कूलर यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत मोटारीचा एचपी (अश्वशक्ती), पात्यांची संख्या आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) काळजीपूर्वक लिहिलेले असतात. हवा पंख्यापर्यंत कोणत्या वाटेने येते आणि पुढे कुठे जाते, याविषयी मात्र क्वचितच एखादी ओळ असते. माझी उत्तरे बऱ्याचदा त्या राहून गेलेल्या ओळीपासूनच सुरू होतात.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरला १० एचपीची मोटार असून ती सुमारे ९ एचपीवर चालते. हवा नेणारा मुख्य डक्ट (पत्र्याचा नळ) ३०० मिमीचा आहे आणि त्यातून सेकंदाला १.६ घनमीटर हवा जाते. धूळ ओढणारी दोन नवीन तोंडे, म्हणजे हूड, जोडल्यावर ओढ कमी पडू लागली. पुली बदलून ब्लोअरची गती २० टक्क्यांनी वाढवली तर चालेल का? (कोल्हापूर)

हवेपुरता आपला हिशेब बरोबर आहे. डक्टची रचना तीच राहिली तर हवा गतीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १.६ च्या जागी साधारण १.९ घनमीटर मिळेल. परंतु दाब गतीच्या वर्गाने आणि लागणारी शक्ती घनाने वाढते. १.२ चा घन १.७३ होतो, त्यामुळे आज ९ एचपी घेणारा ब्लोअर उद्या साडेपंधरा एचपी मागेल आणि आपली मोटार काही मिनिटांतच ट्रिप होईल, म्हणजे जादा भारामुळे बंद पडेल. मोठी मोटार बसवली तरी प्रश्न सुटत नाही, कारण इम्पेलरमधील, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या चाकातील, ताणही गतीच्या वर्गाने, म्हणजे ४४ टक्क्यांनी, वाढतो. केवळ पुली बदलल्यानंतर काही महिन्यांत पात्याच्या वेल्डिंगला तडा गेलेला इम्पेलर मी एका कारखान्यात पाहिला आहे. तो वेळीच लक्षात आला म्हणून कोणाला इजा झाली नाही. इम्पेलरसाठी कमाल किती आरपीएम चालतील, हे उत्पादकाकडून लेखी घेतल्याशिवाय पुलीला हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता डक्टकडे वळू. ३०० मिमीच्या डक्टमधून १.९ घनमीटर हवा न्यायची तर तिचा वेग सेकंदाला जवळजवळ २७ मीटर होतो. हा वेग गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असून ब्लोअरची बरीच शक्ती त्या घर्षणातच संपते. तेवढ्याच हवेसाठी घर्षणाचा दाब व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून मुख्य डक्ट ३५० मिमीचा केला तर त्या भागातील घर्षण निम्म्याहूनही कमी होते आणि वेग सुमारे २० मीटरवर येतो. याहून मोठा डक्ट मात्र करू नका. फाउंड्रीतील वाळूची धूळ वाहून नेण्यासाठी १८ ते २० मीटरचा वेग राखावा लागतो. तो घटला की वाळू आडव्या डक्टच्या तळाशी बसते आणि काही आठवड्यांत डक्ट आपोआप अरुंद होतो.

तरीही नव्या डक्टसाठी पत्रा कापण्याआधी एक काम करावे. पारदर्शक नळी वाकवून, तिच्यात पाणी भरून साधा यू-ट्यूब मॅनोमीटर करावा आणि बॅग फिल्टरच्या, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूळ गाळणाऱ्या पेटीच्या, दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजावा. पिशव्या धुळीने गच्च झाल्या असतील तर नवीन हूड केवळ निमित्त ठरले असून खरा अडथळा फिल्टरमध्येच आहे.

प्रश्न : घरच्या १८ इंची कूलरला यंदा वाळ्याच्या ताट्या काढून चार इंची हनीकोम पॅड बसवले. पॅड चांगले भिजते, पण हवा पूर्वीपेक्षा कमी येते. मोटार कमकुवत झाली असेल का? (अकोला)

मोटारीचा दोष असण्याची शक्यता कमी आहे. कूलरमधला पंखा प्रोपेलर जातीचा, म्हणजे हवा सरळ पुढे ढकलणारा असतो आणि तो पाण्याच्या जेमतेम काही मिलिमीटर उंचीएवढाच दाब निर्माण करू शकतो. अडथळा त्यापुढे गेला की पात्यांच्या टोकांजवळची हवा उलट फिरू लागते. कूलर चालू असताना समोरच्या जाळीच्या बाहेर, कडेपाशी एक सुटा दोरा धरून पाहा. तो आत ओढला जात असेल तर तेथून हवा परत जात आहे.

यावरचा पहिला उपाय स्वस्त आहे. पात्याचे टोक आणि पत्र्याची गोल रिंग यांतली फट, कूलर बंद करून आणि प्लग काढून, मोजा. ४५० मिमीच्या पंख्याभोवती १५ मिमीची फट असेल तर त्या फटीचे क्षेत्रफळ पंख्याच्या वर्तुळाच्या १३ टक्के भरते. ती ५ मिमीवर आणली तर साडेचार टक्केच उरते. पॅडचे क्षेत्रफळ वाढवता आले तर त्याहून चांगले, कारण हवा पॅडमधून जितकी सावकाश जाईल तितका अडथळा वर्गाच्या प्रमाणात घटतो. आणि कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत हवेला बाहेर पडायला वाट नसते, दमटपणा साचतो आणि उत्तम कूलरही तासाभरात निरुपयोगी वाटू लागतो.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्हाला सेकंदाला २ घनमीटर हवा आणि १२०० पास्कल एकूण दाब देणारा पंखा बनवायचा आहे. सुरुवात पात्यांच्या आकारापासून करावी का? (सांगली)

पाती सर्वांत शेवटी येतात. आधी पंख्याची जात ठरवावी लागते आणि त्यासाठी विशिष्ट गती, म्हणजे फिरण्याची गती, हवा आणि दाब यांना एकत्र बांधणारी एक संख्या, काढावी. चार पोलची मोटार थेट जोडली तर १४४० आरपीएम मिळतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १५१ रेडियन. या आकड्याला हवेच्या, म्हणजे २ घनमीटरच्या, वर्गमुळाने गुणावे. मग दाबाला घनतेने, म्हणजे १.२ ने, भागून येणाऱ्या १००० या संख्येचा पाऊण घात काढावा आणि त्याने भागावे. उत्तर १.२ येते. ही संख्या साधारण २ च्या आत असेल तर केंद्रोत्सारी पंखा (हवा मधून घेऊन कडेला फेकणारा) आणि ३ च्या वर असेल तर अक्षीय पंखा (हवा शाफ्टच्या दिशेने सरळ ढकलणारा) योग्य ठरतो. मधल्या पट्ट्यात मिश्र प्रवाहाचे पंखे येतात. चांगल्या पंख्यांची विशिष्ट गती आणि व्यास यांचा मेळ एका वक्ररेषेवर बसतो, हे जर्मन अभियंता कॉर्डिए यांनी १९५० च्या दशकात दाखवले. ती रेषा आपल्या पाठ्यपुस्तकात असेल, ती जरूर वापरा.

आपल्याला केंद्रोत्सारी, मागे (फिरण्याच्या उलट दिशेला) वळलेल्या पात्यांचा पंखा हवा. अशा पंख्याचा एकूण दाब हा इम्पेलरच्या टोकाच्या वेगाने येणाऱ्या गतिज दाबाच्या (घनतेचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग) सुमारे ०.७ ते ०.८ पट धरून चालावे. व्यास ७०० मिमी घेतला तर टोकाचा वेग सेकंदाला ५२.८ मीटर आणि गतिज दाब सुमारे १६७० पास्कल येतो, त्याच्या ०.७२ पट म्हणजे आपले १२०० पास्कल. शक्तीचा हिशेब त्याहून सोपा आहे. २ गुणिले १२०० म्हणजे २४०० वॅट हवेला मिळायचे आहेत. कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर शाफ्टवर ३.२ किलोवॅट लागतील आणि ३.७ किलोवॅटची, म्हणजे ५ एचपीची मोटार पुरेल. हे सारे कागदावर एका पानात बसते, आणि हे पान लिहिल्याशिवाय संगणकावर पात्यांची चित्रे काढायला बसू नये. इम्पेलरकडे हवा नेणारा प्रवेशशंकू मात्र नीट गोलाईचा करा आणि त्याच्या तोंडापाशीच एल्बो, म्हणजे डक्टचे वळण, जोडू नका. तेथून हवा वेडीवाकडी आत आली तर पात्यांवर घेतलेली सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे धूर ओढून चिमणीकडे नेणारा पंखा, हंगामाच्या आरंभी, बॉयलर थंड असताना सुरू केला की मोटार ट्रिप होते. बॉयलर तापल्यावर तोच फॅन सुरळीत चालतो. असे का? (साखर कारखाना, सातारा जिल्हा)

पंखा घनफळ मोजून हवा उचलतो. त्या घनफळाचे वजन किती, हे तापमानावर ठरते. २० अंशांच्या हवेचे वजन घनमीटरला १.२ किलो असते, तर १६० अंशांचा धूर साधारण ०.८ किलोच भरतो. आपली मोटार धुराच्या हिशेबाने निवडली असेल, तर थंड हवेत तिच्यावर जवळजवळ दीडपट भार येतो. यासाठी डॅम्पर, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी झडप, पूर्ण बंद ठेवून फॅन सुरू करावा आणि धूर तापत जाईल तसा अँपिअरवर लक्ष ठेवून तो उघडत न्यावा. व्हीएफडी (मोटारीची गती कमी-जास्त करणारे विद्युत उपकरण) असेल तर कमी गतीवर सुरुवात करावी. हा नियम केंद्रोत्सारी पंख्याचा आहे, कारण हवा बंद असताना तो सर्वांत कमी शक्ती घेतो. अक्षीय पंखा वाट बंद असताना उलट अधिक शक्ती घेतो, म्हणून तो कधीही डॅम्पर बंद करून सुरू करू नये.

कॅटलॉगमधले आकडे बहुधा याच १.२ किलोच्या हवेचे असतात. विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा केवळ तापमानामुळेच ८ टक्के हलकी झालेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : हॉटेलच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट ब्लोअर दर तीन महिन्यांनी थरथरू लागतो. बेअरिंग दोनदा बदलले. (वास्को)

बेअरिंग बदलण्याआधी इम्पेलर धुवायला हवा होता. आपण पाठवलेल्या छायाचित्रात पुढे वळलेली, अरुंद आणि दाट पाती दिसतात. आसामच्या चहामळ्यांत काम केलेले आणि पुढे बेलफास्टला कारखाना काढणारे सॅम्युअल डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात लोकप्रिय केली. कमी जागेत पुष्कळ आणि शांत हवा देण्यासाठी ती उत्तमच आहे. तेलकट वाफेसाठी मात्र चुकीची, कारण प्रत्येक पाते चमच्यासारखे चिकटा साठवते.

किती चिकटा पुरतो ते पाहा. १४४० आरपीएमवर फिरणाऱ्या २० किलोच्या इम्पेलरला बॅलन्सिंगच्या (समतोल साधण्याच्या) प्रचलित जी ६.३ दर्जानुसार ३०० मिमी त्रिज्येवर सुमारे २.८ ग्रॅम इतकाच असमतोल चालतो. चहाच्या चमचाभर तेलाचे वजनही याहून जास्त असते. एका बाजूला १० ग्रॅम साचले तर जवळजवळ ७ किलोवजनाएवढे बल सेकंदाला २४ वेळा दिशा बदलत बेअरिंगवर येते. पुढच्या वेळी मागे वळलेल्या, मोजक्या आणि रुंद पात्यांचा इम्पेलर घ्या, केसिंगला साफसफाईचे दार आणि तळाला तेल काढायची तोटी ठेवा, आणि मोटार हवेच्या वाटेबाहेर बसवा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साध्या पत्र्याचे गंजलेले पापुद्रे सुटूनही समतोल बिघडतो, तेव्हा स्टेनलेस स्टीलचा जास्तीचा खर्च येथे योग्यच आहे.

प्रश्न : जनरेटरच्या रेडिएटरच्या पंख्याला सहा पाती आणि समोरच्या गार्डला सहा आडवे आधार आहेत. १५०० आरपीएमवर मोठी घूं ऐकू येते. (नाशिक)

घूं १५० हर्ट्झची आहे : सेकंदाला २५ फेरे गुणिले सहा पाती. सहाही पाती एकाच क्षणी सहा आधारांसमोरून जातात, त्यामुळे सगळे धक्के एकत्र येतात. आधार पाच किंवा सात करा आणि ते पात्यांपासून जमेल तितके दूर न्या. जनरेटरची गती विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेली असल्याने इंजिनची गती बदलता येणार नाही. पंखा पट्ट्यावर चालत असेल आणि थोड्या मोठ्या व्यासाच्या पंख्याला जागा असेल, तर पुलीने पंख्याची गती २० टक्के कमी केल्यावर त्या घटीने आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो. मोठ्या व्यासामुळे त्यातला थोडा भाग परत जाईल, पण हवा तेवढीच राहील. बदलानंतर पूर्ण भारावर रेडिएटरच्या पाण्याचे तापमान निदान तासभर पाहावे, आणि तेही दुपारी.