नंबर प्लेट नवी, मालक जुनाच

जुळे सोलापुरातून एका वाचकाने लिहिलं आहे: "२०१७ मध्ये अक्कलकोटच्या एका निवृत्त गुरुजींकडून २०१० ची मोटारसायकल घेतली. स्टॅम्प पेपर केला, टीटी म्हणजे हस्तांतराच्या फॉर्मवर सह्या घेतल्या, पण गाडी नावावर करायची राहून गेली. गेल्या वर्षी नोंदणीची पंधरा वर्षं संपली. गुरुजी आता ७८ वर्षांचे आहेत. एचएसआरपी, म्हणजे ती नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट, बसवली की गाडी कायदेशीर होईल ना?"

नाही होणार. सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत कुणीही भेटलं की हाच प्रश्न विचारतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला ही प्लेट सक्तीची आहे. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी लागतो, ती बसवून घ्याच. पण संपलेली नोंदणी प्लेटमुळे पुन्हा सुरू होत नाही.

तुमचं सगळं अडलंय ते मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) वर. ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. पैसे कुणी दिले, गाडी कुणाच्या दारात उभी असते, स्टॅम्पवर काय लिहिलंय, यांपैकी कशानेही हे बदलत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेकांना विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीतल्या मूळ मालकालाच जबाबदार धरलं.

म्हणजे नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरायचा तो गुरुजींनी. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वरही त्यांची सही हवी. नूतनीकरण आधी की हस्तांतर, की दोन्ही एकत्र, हे आरटीओत विचारून घ्या. सही मात्र दोन्हीकडे त्यांचीच. नऊ वर्षांपूर्वीच्या सह्यांवर विसंबू नका.

कलम ५० प्रमाणे तुम्ही ३० दिवसांत कळवायचं होतं. तुम्ही नऊ वर्षं घालवलीत, आणि मला राग येतो तो गुरुजींसाठी. उद्या तुमच्या हातून कुणाला धक्का लागला, तर अपघात भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाची नोटीस त्यांच्या घरी जाईल. असे दावे वर्षानुवर्षं चालतात. ज्या माणसाने विश्वासाने किल्ली तुमच्या हातात दिली, त्याने या वयात तारखांना सोलापूरला खेटे घालायचे का?

विम्याचं सांगायचं तर, नोंदणी नसताना गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. तिऱ्हाइताच्या भरपाईबाबत कंपनी काय भूमिका घेईल, ते पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगणार नाही. खर्चाचं म्हणाल तर मोटारसायकलच्या नूतनीकरणाला केंद्राच्या नियमाप्रमाणे १,००० रुपये आणि उशिराचे दरमहा ३०० रुपये, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. हे पैसे भरून प्रश्न सुटतो. गुरुजींच्या सहीला मात्र पर्याय नाही. त्यांचं काही बरंवाईट झालं, तर फॉर्म ३१, मृत्यू दाखला आणि वारसांच्या संमत्या गोळा करत फिरावं लागेल, आणि ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही अशा वारसांनी सही का करावी?

तेव्हा या रविवारीच अक्कलकोटला जा. कोरे २५, २९, ३० सोबत न्या, गुरुजींचं आधार आणि नोंदीतला मोबाइल चालू आहे का ते पाहा, कारण ओटीपी तिकडेच जाईल. नंबर बंद असेल, तर तो बदलण्यासाठीही त्यांचीच मदत लागेल. आणि मोटारसायकल घरीच ठेवा. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढली तर कलम १९२ खाली पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तिच्यावर आजही गुरुजींचं नाव आहे. एसटीने जा.