रिकाम्या बाटलीला वास येतोय का?

प्रश्न : पेट्रोलवर चालणारा कॅम्पिंग स्टोव्ह आणि त्याची इंधनाची बाटली विमानाने न्यायची आहे. बाटली ओतून रिकामी केली आहे. एवढं पुरेल का?

उत्तर : नाही पुरणार. खरा धोका वाफेचा असतो. पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणून तळाशी राहिलेले चार थेंबही चालत नाहीत.

सगळ्यात आधी विमान कंपनीची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. ती नसेल तर पुढची मेहनत वाया जाते. 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार असं सामान फक्त चेक-इन बॅगेत चालतं. टाकी किंवा बाटली किमान 1 तास पूर्ण निथळू द्यायची आणि मग किमान 6 तास झाकण उघडं ठेवायचं. हे उघड्या हवेत, आगीपासून लांब करा. दुसरा मार्गही नियमात आहे: बाटलीत खाद्यतेल घालून हलवायचं आणि ओतून टाकायचं. उरलेलं पेट्रोल तेलात मिसळलं की त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते किमान तापमान, वर चढतो. आमचा कल मात्र निथळण्याकडेच आहे, कारण तेलाचा चिकट थर राहिला तर पुढे स्टोव्हचं जेट, म्हणजे इंधन बाहेर पडतं ते बारीक भोक, तुंबतं. नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन बाटली खडखडीत वाळवलीत तर उत्तमच.

बहुतेकांची चूक होते ती बाटली सोडून इतरत्र. पंप बाटलीतून काढा, त्याचा व्हॉल्व्ह उघडा आणि नळी खाली धरून थेंब पडू द्या. बर्नरकडे जाणाऱ्या नळीत तारेची केबल असेल तर ती ओढून काढा आणि पुसा. पेट्रोल तिथेच दडून बसतं. रबरी वायसरलाही वास धरतो. शेवटी सगळं नाकाजवळ नेऊन बघा. जरासा जरी वास आला, तरी पुन्हा उघडं ठेवा.

मग बाटलीचं स्वतःचं झाकण घट्ट लावायचं, बाटली टिपकागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि पिशवीचं तोंड रबर बँडने बांधायचं.

प्रश्न : गॅसचा अर्धा वापरलेला डबा चालेल का?

उत्तर : नाही, कुठल्याच बॅगेत नाही. ब्यूटेन-प्रोपेनचा डबा संपलेला असला तरी बहुधा अडवतात, तेव्हा तो नेऊच नका. नुसता बर्नर कंपनीला विचारून स्वच्छ करून नेता येतो. पण तिकडे आट्यांचा, फिरवून बसवायचा डबा मिळतो की भोक पाडून बसवायचा, हे निघण्याआधी शोधा. बर्नर एका जातीचा आणि डबे दुसऱ्या जातीचे, अशी वेळ आली तर चूल पेटायची नाही.

प्रश्न : घन इंधनाच्या वड्या आणि लायटर?

उत्तर : वड्या ज्वलनशील घन पदार्थात मोडतात, त्यांना मनाई आहे. लायटर चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका. नियमाने एक लायटर अंगावर चालतो, पण काही देशांत तपासणीत तोही काढून घेतात. तिकडे उतरल्यावरच विकत घ्या.